काशीस जावे, कायदा शिकावा

परदेशी पाठवायचा माल जपून बांधणे आपल्याकडच्या कारागिराला आणि व्यापाऱ्याला चांगले जमते. पण त्या मालाबरोबर जाणारा कागद कोण वाचणार? आंतरराष्ट्रीय व्यापार आणि अर्थव्यवहार यांच्या कायद्याचा पदव्युत्तर अभ्यास म्हणजे काय, तो कुणी करावा आणि आपल्या घराशी त्याचा काय संबंध, याचा हा वेध.

सोडमुंजीचा प्रसंग बहुतेकांनी पाहिलेला असतो. बटू हातात काठी आणि छत्री घेतो, खांद्याला लहानशी झोळी अडकवतो आणि "मी काशीला शिकायला जातो" असे सांगून मांडवाबाहेर पडतो. चार पावले जातो न जातो तोच मामा वाट अडवतो. "मुलगी देतो, पण परत फीर," अशी त्याची समजूत घालतो. सगळे हसतात, छायाचित्र निघते, पंगत बसते. काशीला कुणीच जात नाही.

एके काळी मात्र लोक खरोखरच जात. पैठण, नाशिक, कोकण, नागपूर अशा ठिकाणांहून निघून महिनोन् महिने चालत काशी गाठत. कुणी पुण्य गाठीला बांधायला जाई, तर कुणी विद्या. त्या विद्येत वेद आणि वेदान्त तर असतच, पण घेतलेले कर्ज कसे फेडावे, भागीदारी कशी मोडावी आणि विकलेला माल परत केव्हा घ्यावा, याचेही शास्त्र असे. आजच्या भाषेत तो व्यापारी कायदाच होता.

घाटावरची मराठी मुद्रा

वाराणसीत मणिकर्णिकेकडून पंचगंगेकडे नावेने जाताना डाव्या हाताला एकामागून एक मराठी नावे लागतात. शिंदे घाट, भोसले घाट, पुढे जटार घाट, बालाजी घाट. यांतला भोसले घाट नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधला. पाण्यातूनच उभी राहिल्यासारखी वाटणारी भक्कम दगडी वास्तू, वरच्या अंगाला लहान, नक्षीदार खिडक्या आणि जवळच लक्ष्मीनारायण, यमेश्वर व यमादित्य यांची मंदिरे. नावाडी बोट दाखवून नाव सांगतो आणि वल्हे मारत पुढे जातो.

एवढा प्रचंड दगडी घाट नागपूरपासून शेकडो मैल दूर, दुसऱ्याच्या मुलुखात उभा करायचा म्हणजे केवळ भक्ती पुरत नाही. पैसा पोहोचवावा लागतो. त्या काळी चांदीच्या थैल्या बैलांवर लादून जंगलातून नेणे जिवावरचे काम होते. त्यावर तोड म्हणून आपल्या लोकांनी एक कागद शोधला होता, तो म्हणजे हुंडी. गावच्या सावकाराकडे रक्कम भरायची, चिठ्ठी घ्यायची आणि काशीतल्या पेढीवर ती वटवायची. दाखवताच पैसे मिळत ती दर्शनी हुंडी, ठरलेल्या मुदतीनंतर मिळत ती मुदती हुंडी. आणखी एक प्रकार फार बोलका आहे. जोखमी हुंडीचे पैसे माल सुखरूप पोहोचला तरच द्यावे लागत. जहाज बुडाले तर हुंडीही बुडाली. म्हणजे एकाच कागदात कर्जही आणि विमाही!

एका राज्यात दिलेला शब्द दुसऱ्या राज्यात पाळला जातो कसा, हाच प्रश्न हुंडीमागे होता. आज आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्याचा विद्यार्थी पहिल्या दिवसापासून शिकतो तो प्रश्न हाच. १८८१ साली इंग्रजांनी चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांतल्या हुंड्यांबाबतची स्थानिक वहिवाट त्यांनाही पहिल्याच कलमात राखून ठेवावी लागली.

पैठणचे भट्ट, मुंबईचे कोर्ट

काशीच्या मराठी शास्त्र्यांत मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्याचे स्थान मोठे. शिवराज्याभिषेकासाठी १६७४ मध्ये रायगडावर आलेले गागाभट्ट याच घराण्यातले. त्यांच्याच कुळातल्या नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'भगवंतभास्कर' हा बारा भागांचा ग्रंथ लिहिला. त्याचा एक भाग म्हणजे 'व्यवहारमयूख'. यातला 'व्यवहार' म्हणजे वाद आणि त्याचा निवाडा. कर्ज, ठेव, मालक नसलेल्याने केलेली विक्री, एकत्र येऊन केलेला धंदा, खरेदीनंतरचा पश्चात्ताप, असे एकेक प्रकरण त्यात येते.

काशीत लिहिलेल्या या ग्रंथाला पुढे मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांत मोठा मान मिळाला. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात तर वारसा आणि मिळकतीच्या वादांत त्याचा शब्द विशेष महत्त्वाचा ठरे. विश्वनाथ नारायण मंडलिकांनी १८८० मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. भारतरत्न पां. वा. काणे यांनी १९२६ मध्ये त्याची चिकित्सक आवृत्ती काढली. काणे स्वतः वकील होते, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे.

हे निबंधग्रंथ ज्या स्मृतींवर उभे आहेत, त्यांत याज्ञवल्क्यस्मृती प्रमुख. तारण ठेवून घेतलेल्या कर्जावर ती दरमहा सव्वा टक्का व्याज सांगते. पण जंगल ओलांडून व्यापाराला जाणाऱ्याला दरमहा दहा टक्के आणि समुद्रावर जाणाऱ्याला वीस टक्के! जोखीम वाढली की पैशाची किंमत वाढते, हे आजच्या बँकेचे गणित त्यात स्वच्छ दिसते. त्याच स्मृतीत विनातारण कर्जाचे दर मात्र ऋणकोच्या वर्णाप्रमाणे वेगवेगळे आहेत, हेही विसरून चालणार नाही. नियम कोण लिहितो यावर तो कुणाच्या सोयीचा होणार हे ठरते. हा धडा जागतिक व्यापाराच्या आजच्या नियमांनाही लागू पडतो.

दोन पाठ्यक्रम, एक समुद्र

भोसले घाटापासून नदीच्या वरच्या अंगाला, अस्सी घाटाच्याही पलीकडे, पंडित मदनमोहन मालवीय यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेले बनारस हिंदू विद्यापीठ आहे. तिथे कायद्याचे शिक्षण १९२१ पासून दिले जाते. भट्टांच्या पाठशाळेत मुलीला प्रवेश नव्हता, आणि बहुसंख्य समाजालाही नव्हता. इथे वर्गात शेजारी शेजारी बसून कायद्याचे पदवीधर पुढचा अभ्यास करतात.

हा पुढचा अभ्यास म्हणजे एलएल.एम. त्यात आंतरराष्ट्रीय व्यापार आणि अर्थविषयक कायद्याच्या दोन शाखा समजून घ्याव्या लागतात. पहिली शाखा दोन व्यापाऱ्यांमधली, दुसरी दोन सरकारांमधली.

पहिल्या शाखेचे उदाहरण बनारसचेच घेऊ. मदनपुऱ्यातल्या एखाद्या गिरस्त्याला (बनारसचे लोक विणकरांकडून साड्या विणून घेणाऱ्या व्यापाऱ्याला गिरस्ता म्हणतात) परदेशातून दोनशे साड्यांची मागणी आली. माल जहाजावर चढेपर्यंतची जबाबदारी त्याची की पलीकडच्या बंदरापर्यंतची? विमा कुणी उतरवायचा? पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाने १९३६ पासून यासाठी 'इन्कोटर्म्स' नावाच्या संज्ञा ठरवून दिल्या आहेत. करारात 'एफओबी' आणि 'सीआयएफ' या तीन तीन अक्षरांचा फरक म्हणजे भाडे आणि विमा कुणाच्या खिशातून जाणार याचा फरक. पैसे बुडू नयेत म्हणून गिरस्ता बँकेचे पतपत्र मागतो. पण बँक साडी पाहत नाही, कागद पाहते. बिलावरचे मालाचे वर्णन पतपत्रातल्या वर्णनाशी जुळले नाही, तर उत्तम माल पोहोचूनही पैसे अडकू शकतात.

वाद झालाच तर कुठे सोडवायचा? वाराणसीच्या न्यायालयात, ग्राहकाच्या देशात, की लवादापुढे? परदेशी लवादाचे निवाडे एकमेकांच्या देशात मानावेत यासाठी १९५८ मध्ये न्यूयॉर्क येथे करार झाला. भारत त्यात आहे. उलट मालाच्या आंतरराष्ट्रीय विक्रीबाबत व्हिएन्नात १९८० मध्ये जो करार झाला त्यात भारत सामील झालेला नाही. म्हणून आपल्या निर्यातदाराच्या करारात कोणत्या देशाचा कायदा लागू, हे स्पष्ट लिहिणे जास्तच गरजेचे ठरते. हे वाक्य लिहायचे राहून गेले की वकिलांची फी मालाच्या किमतीहून मोठी व्हायला वेळ लागत नाही.

हळद, साडी आणि चप्पल

दुसरी शाखा सरकारांमधली. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि तिच्याबरोबर बौद्धिक संपदेचा 'ट्रिप्स' करारही आला. त्या वेळी अनेकांना हा विषय दिल्ली आणि जिनिव्हातल्या साहेबांचा वाटला होता. तो घराघरात पोहोचला हळदीमुळे.

१९९५ मध्येच अमेरिकेत जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले. खरचटलेल्या गुडघ्यावर आजीने दाबलेली चिमूटभर हळद अमेरिकेत 'नवा शोध' ठरली होती! डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्याला आव्हान दिले. पण "आमची आजी लावायची" हा पुरावा तिथे चालत नाही, छापील आधार लागतो. संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांतले आणि नियतकालिकांतले ३२ संदर्भ सादर झाले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. शास्त्रज्ञ, भाषापंडित आणि कायदा जाणणारे एकत्र आले म्हणून हे घडले.

साडीची कथा मात्र इतकी सरळ नाही. ट्रिप्स करारानंतर भारताने १९९९ मध्ये भौगोलिक निर्देशनाचा कायदा केला आणि त्याखाली बनारसी ब्रोकेड व साड्यांची नोंदणी २००९ मध्ये झाली. आपल्या पैठणीलाही हे संरक्षण आहे. पण यंत्रमागावरची स्वस्त नक्कल बाजारात येतच राहिली. एक तर नोंदणी म्हणजे केवळ हक्क, तो बजावायला फिर्याद करावी लागते. दुसरे म्हणजे भारतातली नोंदणी भारताच्या सीमेवर संपते.

तिसरे कारण कराराच्या मजकुरातच दडले आहे. ट्रिप्सच्या २३ व्या कलमात वाइन आणि मद्ये यांच्या नावांना जादा संरक्षण आहे. ग्राहकाची फसवणूक झाली की नाही हे न पाहताच तिथे नाव वापरण्याला बंदी घालता येते. बाकी सर्व वस्तूंना २२ वे कलम, तेथे ग्राहकाची दिशाभूल होते हे दाखवावे लागते. फ्रान्सच्या शॅम्पेनला एक माप आणि बनारसच्या साडीला दुसरे! हे जादा संरक्षण इतर वस्तूंनाही मिळावे अशी भारताची मागणी जुनी आहे.

जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमधल्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपलेसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत संताप उसळला. महाराष्ट्र व कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले आहे. मुंबई उच्च न्यायालयात काही वकिलांनी जनहित याचिका केली. न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ती फेटाळली, कारण नोंदणी ज्यांच्या नावे आहे त्या महामंडळांनी स्वतः दाद मागायला हवी होती. कंपनीने मात्र चपलेची प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे मान्य केले. या सगळ्या गदारोळात भावना सर्वांकडे होत्या. फिर्याद कुणी करायची, कुठे करायची आणि कशाच्या आधारे, हे सांगू शकणारी माणसे मात्र मोजकीच होती.

दाभोळने शिकवलेला धडा

कागद नीट न वाचण्याची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजली आहे. गुहागरजवळच्या दाभोळ वीज प्रकल्पासाठी डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. १९९५ मध्ये नव्या राज्य सरकारने तो रद्द केला, १९९६ मध्ये फेरबदल करून पुन्हा मान्य केला. १९९९ मध्ये वीज सुरू झाली. ती इतकी महाग पडू लागली की २००१ मध्ये मंडळाने ती घेणे थांबवले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचे दिवाळे निघाले.

पण करारातली कलमे जिवंत होती. वाद लंडनच्या लवादाकडे गेला. प्रकल्पातल्या बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक या कंपन्यांनी मॉरिशसमधल्या आपल्या उपकंपन्यांमार्फत, भारत आणि मॉरिशस यांच्यातल्या गुंतवणूक कराराखाली, भारत सरकारवरही दावे लावले. २००५ मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटले. रत्नागिरी जिल्ह्यातला एक प्रकल्प, मालक अमेरिकेचे, वाट मॉरिशसची आणि लवाद लंडनचा. पदव्युत्तर वर्गात हे प्रकरण शिकताना मराठी विद्यार्थ्याला ते पुस्तकातले वाटत नाही, कारण त्याची झळ त्याच्या राज्याच्या तिजोरीला लागली होती.

हा अभ्यास कुणी करावा?

तीन किंवा पाच वर्षांची कायद्याची पदवी असलेल्या कुणालाही एलएल.एम.चा विचार करता येतो. पूर्वी हा अभ्यासक्रम दोन वर्षांचाच असे. २०१३ पासून अनेक संस्थांत तो एक वर्षाचाही झाला. बनारस हिंदू विद्यापीठासारख्या केंद्रीय विद्यापीठांची आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा वेगवेगळी असते. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. प्रत्येक ठिकाणी हा विषय याच नावाने असेल असे नाही. कुठे तो 'व्यापार कायदा' या गटात येतो, कुठे 'आंतरराष्ट्रीय कायदा' या गटात. म्हणून पदवीच्या नावापेक्षा विषयांची यादी आणि शिकवणारे अध्यापक पाहून प्रवेश घ्यावा. नियम वर्षागणिक बदलतात, तेव्हा ताजे माहितीपत्रक वाचल्याशिवाय शुल्क भरू नये.

परदेशात लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले व्यापारी कायद्याचे केंद्र १९८० पासून या विषयासाठी प्रसिद्ध आहे. स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे जागतिक व्यापार कायद्याची संस्था आहे. तिथला खर्च मात्र सामान्य कुटुंबाला झेपणारा नाही. कर्ज काढून जाण्यापूर्वी शिष्यवृत्त्यांचा शोध घ्यावा. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींतल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. ब्रिटनच्या चेव्हनिंग आणि कॉमनवेल्थ या शिष्यवृत्त्या स्पर्धेतून मिळतात.

अर्थशास्त्राची भीती बाळगणारे या वाटेला जात नाहीत, पण तेच इथे उपयोगी पडते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. रुपयाच्या प्रश्नावर लंडनमध्ये प्रबंध लिहिणारे आणि बॅरिस्टर झालेले बाबासाहेब १९२५ च्या सुमारास मुंबईतल्या एका हिशेबनिसी शिकवणाऱ्या संस्थेत व्यापारी कायद्याचे धडे देत असत. कायदा आणि अर्थशास्त्र एकाच माणसाच्या डोक्यात नांदले की काय घडते, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको.

आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो, पुढे काय? निर्यातदार, बँका, विमा आणि जहाज कंपन्या, लवादाचे काम करणाऱ्या वकिली संस्था, सरकारचे व्यापार खाते, अध्यापन अशा वाटा आहेत. मुंबईत २०१६ पासून आंतरराष्ट्रीय लवाद केंद्रही आहे. पहिल्या वर्षी मोठा पगार मिळेलच असे मात्र नाही. करार ओळीओळीने वाचण्याची चिकाटी आणि स्वच्छ इंग्रजी लिहिण्याचा सराव नसेल, तर नुसत्या पदवीने काही होत नाही. विद्यार्थिदशेतच अभिरूप न्यायालयांच्या स्पर्धांत उतरावे. व्हिएन्नात दर वसंत ऋतूत होणाऱ्या व्यापारी लवादाच्या स्पर्धेत जगभरचे विद्यार्थी येतात.

आणि एक गोष्ट. इंग्रजीबरोबर मराठीही जपावी. विणकराचा, चांभाराचा, कांदा पिकवणाऱ्याचा प्रश्न त्याच्या भाषेत ऐकता आला नाही, तर जिनिव्हात तो मांडणार कोण?

छत्री कुणाच्या हाती?

जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ नव्या नेमणुका न झाल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून ठप्प झाले. मोठी राष्ट्रे मनाला येईल तशी आयातशुल्के वाढवू लागली. मग हा कायदा शिकून उपयोग काय, असे कुणी विचारील. पण भोसले घाटाचा काळ तरी कुठे शांततेचा होता? राज्ये बदलत होती, वाटेत पेंढारी होते, तरी हुंडी वटत होती. कारण ती लिहिणारा आणि वाचणारा, दोघेही जाणकार होते. नियम डळमळीत होतात, तेव्हाच नियम जाणणाऱ्याची गरज अधिक असते.

मुंजीतला बटू चार पावलांवरून परत फिरतो. आता इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याची, येवल्याच्या पैठणी विणणाऱ्याची, कोल्हापूरच्या चप्पल शिवणाऱ्याची मुलगी कायद्याची पदवी हातात घेऊन पुढच्या शिक्षणाला निघाली, तर मामाने तिची वाट अडवू नये. तिला छत्री द्यावी, गाडीत बसवून द्यावे. घरातून परदेशी जाणारा कागद वाचू शकणारे एक माणूस त्या घरात असेल, आणि ते गावाच्याही उपयोगी पडेल.